सी. टी. स्टड दहाव्या नंबरवर का आला?

मैदानवेडा
ज्या कसोटीवरून ॲशेसचं (इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेचं) खूळ निघालं, त्या 1882 च्या लंडनमधल्या ओव्हल सामन्याचा धावफलक बघत होतो. इंग्लंडला हव्या होत्या 85, सर्वबाद 77. आणि सी. टी. स्टड दहाव्या नंबरवर, नाबाद 0! याच केंब्रिजच्या पोरानं त्याच मोसमात ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन शतकं ठोकली होती, एक विद्यापीठाकडून आणि एक एमसीसीकडून (मेरिलबोन क्रिकेट क्लब). लागलं-बिगलं होतं का? आणि पाच कसोट्यांनंतर हा गडी गेला कुठे?

जुना_स्कोअरर
लागलं वगैरे काही नव्हतं. कप्तान हॉर्नबीनं ऐनवेळी क्रम फिरवला आणि 'तुला राखून ठेवतोय' म्हणाला. मग एकामागून एक गडी बाद होत गेले. स्टड आत गेला तेव्हा आठ बाद 75. समोर दोघे गेले, याच्या वाट्याला एक चेंडू आला नाही. शेवटचा पीट, यॉर्कशायरचा पगारी गोलंदाज, ऑस्ट्रेलियाच्या बॉइलला मारायला गेला आणि त्रिफळा. दोन्ही डावांत सात-सात बळी घेणारा त्यांचा स्पॉफर्थ तिकडून बघतच राहिला असेल. स्टडला बसवून ठेवायचा निर्णय मला आजही गाढवपणा वाटतो.

तिसरी_स्लिप
पण स्टडसारखे हे 'हौशी' लोक खात काय होते? वर्षभर क्रिकेट आणि पगार नाही?

जुना_स्कोअरर
बापाची इस्टेट! एडवर्ड स्टडनं आपल्याकडे बिहारमधल्या तिरहुतमध्ये निळीच्या लागवडीवर पैसा केला आणि विलायतेत जाऊन शर्यतीचे घोडे पाळले. पोरं ईटनला, मग केंब्रिजला. 1882, 83, 84 अशी लागोपाठ तीन वर्षं विद्यापीठाचं कप्तानपद तीन सख्ख्या भावांकडे: जॉर्ज, चार्ली (म्हणजे आपला सी. टी.), किनास्टन. फलकावर यांच्या नावाआधी 'मिस्टर', पीटसारख्याचं नुसतं आडनाव. बिहारचा रयत नीळ पिकवतोय आणि केंब्रिजमध्ये कव्हर ड्राइव्ह चाललाय, हा हिशोब कुठल्या स्कोअरबुकात सापडत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. 1885 मध्ये, ऐन भरात, हा पठ्ठ्या केंब्रिजचे सोबती घेऊन मिशनरी म्हणून चीनला गेला. पंचविशी पूर्ण झाल्यावर वारशाचे सुमारे 29,000 पौंड हातात येणार होते. त्यातले बहुतेक त्यानं चीनमधूनच वाटून टाकले. त्यातले 5,000 बूथ-टकर यांना, मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती संस्थेच्या हिंदुस्थानातल्या कामासाठी. म्हणजे निळीच्या पैशातला थोडा तरी इकडे परतला. उरलेले लग्नाआधी बायकोला देऊ केले, तर ती बाई याच्या वरताण! तिनं तेही दान करायला लावले.

मैदानवेडा
आयला! मग हिंदुस्थानात आलाच नाही का?

जुना_स्कोअरर
आला की. 1900 ते 1906 उटीत धर्मगुरू होता. तिथून पुढे पन्नाशी उलटल्यावर, दम्याला न जुमानता आणि बायकोला इंग्लंडात ठेवून, काँगोत. 1931 मध्ये इबांबीला तिथंच गेला. धर्मप्रसाराबद्दल माझं मत वेगळं आहे, त्यावर इथे काथ्याकूट नको. भाऊ किनास्टन मात्र लंडनचा लॉर्ड मेयर झाला, एमसीसीचा अध्यक्षही.

तिसरी_स्लिप
म्हणजे ॲशेसच्या कलशावरच्या कवितेत 'स्टड्स' असं अनेकवचन आहे ते भावांमुळे?

जुना_स्कोअरर
बरोबर. इंग्लंडचा कप्तान आयव्हो ब्लाय याच्या 1882-83 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर चार्ली आणि जॉर्ज दोघेही होते.