शाळा न शिकलेल्या, अहिराणी बोलणाऱ्या आईची स्मरणशक्ती कुठे आणि कशी तपासावी?

नमस्कार मंडळी,

आईसाठी माहिती हवी आहे, आणि गावातल्या बायकांसाठीही.

आई सत्तरीपुढची, अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी असते. मी नाशिकला. तिचं विसरणं वाढलंय. यंदा बिबड्यांचं (ज्वारीच्या पापडांचं) पीठ शिजवताना मीठ टाकलं आणि लगेच दुसरी मूठ भरून घेतली, शेजारच्या काकूंनी हात धरला म्हणून बरं. गल्लीत मिठाचा अंदाज सगळ्या तिलाच विचारतात, म्हणून मला जास्त लागलं. कानबाईची (आमच्या खान्देशातल्या देवीची) गाणी मात्र अजून एकही ओळ न चुकता म्हणते. घरच्यांचं म्हणणं, "वय व्हई गय, आते आसंच चालई."

जिल्ह्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आजची तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, एक वाक्य लिहायला सांगितलं. आई शाळेत गेलेलीच नाही. तिला तिथी कळते, बाजाराचा वार कळतो. साहजिकच गुण कमी आले आणि कागदावर 'डिमेन्शिया' (स्मृतिभ्रंश) लिहून गोळ्या दिल्या. बी-12 नाही, थायरॉइड नाही, कानही तपासले नाहीत. यांतलं काहीही बिघडलं तरी विसरायला होतं. वडील गेल्यापासून ती गप्प गप्प असते, नैराश्यानेही असं होतं, तेही कुणी विचारलं नाही. आजार नसेलच असा माझा हट्ट नाही. असेल तर तो नीट तपासून, वेळेत कळावा एवढंच.

भारतात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळपास 88 लाख माणसं, असा 'लासी-डॅड' या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, आणि कमी शिकलेल्यांत जास्त. माझी आई या तिन्हींत बसते. मग तिच्यासारखीला लागू पडेल अशी चाचणी आपल्याकडे सहज का मिळू नये? हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतल्या निरक्षर वृद्धांसाठी 1990च्या दशकात हिंदीत अशी चाचणी बनवली गेली. तिच्यात वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगतात. आईला ते सहज समजेल.

तर विचारायचं असं, की अशी चाचणी मराठीत कोण घेतं? जळगाव, धुळे किंवा नाशिकला न्यूरोलॉजिस्ट किंवा वृद्धांचे डॉक्टर कुणाच्या अनुभवात आहेत, जे आईशी तिच्या बोलीत बोलतील, घाई करणार नाहीत? सोबत जाणारा माणूस अहिराणीत प्रश्न समजावून सांगू शकतो का, की त्याने निकाल बिघडतो?

दुसरं, श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे तिच्या सणाला, सगळे भाऊबंद गावी जमतात. त्या वेळी बचत गटाच्या बायकांसाठी तासाभराचा कार्यक्रम ठेवायचाय, गावच्या आशा स्वयंसेविका तयार आहेत. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024च्या अहवालात टाळता येण्याजोगी 14 कारणं दिली आहेत. ती सगळी आवरली तर जवळपास 45 टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल असं ते म्हणतात. बीपी, शुगर, ऐकू कमी येणं, एकटेपण, लहानपणी न मिळालेलं शिक्षण, सगळं आमच्या गल्लीतलंच. चित्रांचे तक्ते किंवा बोलीतले छोटे व्हिडिओ कुणाकडे आहेत का? आणि पाळी जायच्या वयातल्या बायका विचारतात, "आमले बी याद ऱ्हात नही, हाई तेच शे का?" त्यांना धीर देऊन नीट समजावेल अशी डॉक्टरबाई कुणाच्या ओळखीची असेल तर फार उपकार होतील.

सरकारची 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416 हे नंबर मला माहीत आहेत. ते कुणी अशा कामासाठी वापरले असतील तर अनुभव लिहा. आईचे कागद पाहायचे असतील तर व्यनि करा, पाठवते.