शब्दचर्चा: ‘क्षमताबांधणी अनुदान’ इथे चालेल का?

धागाकर्ती

नमस्कार मंडळी. मी रेजायनाला राहते, कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांतात. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. विषय असा की फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी हे इथले मूळचे समाज आपल्या मुलांच्या संगोपनाचं आणि अडचणीतल्या कुटुंबांना आधार द्यायचं काम सरकारकडून स्वतःच्या हातात घेतायत, २०१९ साली त्यासाठी केंद्राचा कायदा झाला, १ जानेवारी २०२० पासून लागू आहे, आणि ते काम हातात घ्यायच्या आधी तयारी करायला केंद्र सरकार पैसे देतं. त्याला इथे ‘कपॅसिटी बिल्डिंग फंडिंग’ म्हणतात. मी सरळ ‘क्षमताबांधणी अनुदान’ लिहून टाकलं. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या लोकांना मुलं सांभाळता येत नाहीत म्हणून शिकवतात का?" मी तिथेच अडकले. चूक माझ्या वाक्याची आहे की शब्दाचीच? कुणीतरी सांगा प्लीज.

पेठकर काका

ताई, शब्द प्रस्थापित आहे. जीआरमध्ये असतो, ग्रामपंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणाला, बचत गटांच्या शिबिराला, सगळीकडे क्षमताबांधणी नाहीतर क्षमतावर्धन. वाचकाला लगेच कळतो. नवीन शब्द घडवायचा मोह टाळा असं माझं मत.

धागाकर्ती

काका, कळतो हे खरंय, पण जे कळतं तेच चुकीचं असेल तर? ‘क्षमता बांधायची’ म्हटलं की आधी ती नव्हती हे आपोआप आलं. इथे उलटं झालंय. या समाजांमध्ये मुलं वाढवायची रीत होतीच, आजी, मावशा, काका, सगळी वस्ती मिळून. ती सरकारने मोडली. आधी निवासी शाळा, मुलांना घरातून उचलून न्यायचं, भाषा बोलली तर शिक्षा. मग १९६० च्या दशकापासून बालकल्याण खात्यांनी हजारो मुलं काढून गोऱ्या कुटुंबांत दत्तक दिली, त्याला ‘सिक्स्टीज स्कूप’ म्हणतात. आणि हे काही जुनं झालेलं नाही. २०२१ च्या जनगणनेत १५ वर्षांखालच्या मुलांमध्ये या समाजांची मुलं ७.७ टक्के, पण परक्या घरी पालनासाठी ठेवलेल्या मुलांमध्ये ५३.८ टक्के. हे आकडे पहिल्यांदा वाचले त्या रात्री मला झोप नाही लागली, माझी स्वतःची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

आता अशा आईबापांना मी मराठीत ‘तुमची क्षमता बांधतोय’ कसं म्हणू?

गडचिरोलीचा मास्तर

ताईंचं बरोबर आहे. मला ‘अनुदान’ जास्त खटकतंय. आपल्याकडे अनुदान म्हणजे सरकारने दिलेलं, मिळालं तर मिळालं, शाळेचं, ठिबकचं. शब्दात ‘दान’ आहेच. ‘निधी’ म्हणा. आमच्याकडे पेसा गावांसाठी, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यात येणाऱ्या गावांसाठी, एक फार चांगला शब्द आहे, ‘अबंध निधी’. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के वाटा पेसातल्या ग्रामपंचायतींना थेट येतो आणि कशावर खर्च करायचा ते ग्रामसभा ठरवते. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा गावाची घोषणा तुम्हाला माहिती असेल, ‘दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’. कॅनडातली गोष्ट मला त्याच जातीची वाटते. ‘अबंध निधी’ वापरता येईल का बघा.

धागाकर्ती

मास्तर, ‘निधी’ पक्का, धन्यवाद. ‘अबंध’ फार आवडला पण इथे बसत नाही, कारण हा पैसा ठरलेल्या कामांसाठीच असतो. लोकांना विचारायचं, म्हणजे वस्तीतल्यांनाही आणि शहरात गेलेल्यांनाही, ज्येष्ठांबरोबर बसायचं, आपला कायदा लिहायचा, वकील लावायचे, कर्मचारी तयार करायचे, सरकारशी बोलणी करायची. प्रत्यक्ष काम चालवायचा पैसा वेगळा, तो नंतर, सरकारशी समन्वय करार झाल्यावर. सगळ्यात पहिला असा करार आमच्याच प्रांतातल्या काउएसेस फर्स्ट नेशनचा, ६ जुलै २०२१, दोन वर्षांसाठी ३ कोटी ८७ लाख डॉलर. त्याच्या दोन आठवडे आधी त्यांनी मारीव्हलच्या जुन्या निवासी शाळेजवळ ७५१ बेनावाच्या कबरी सापडल्याचं जाहीर केलं होतं. एकाच गावात एका पाठोपाठ या दोन गोष्टी. त्यांच्या कायद्याचं नाव क्री भाषेत ‘मियो पिमातिसोविन’, अर्थ साधारण चांगलं जगण्यासाठी झटणं.

आणि पैशाबद्दल एक सांगायलाच हवं. कॅनडाच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाने जानेवारी २०१६ मध्ये निकाल दिला की केंद्र सरकार फर्स्ट नेशन्सच्या मुलांच्या सेवांना कमी पैसे देऊन भेदभाव करतंय. तक्रार २००७ ची, या मुलांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या सिंडी ब्लॅकस्टॉक यांच्या संस्थेची आणि असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स या त्यांच्या देशपातळीवरच्या संघटनेची. त्या निकालातली मला सगळ्यात टोचलेली गोष्ट म्हणजे, मूल घरातून काढलं की त्याचा खर्च जेवढा होईल तेवढा भरून मिळायचा, पण मूल घरीच राहावं म्हणून कुटुंबाला मदत करायची तर त्याचा पैसा ठरावीक आणि तोकडा. म्हणजे पैशाची रचनाच मुलाला घराबाहेर ओढत होती. म्हणून ‘अनुदान’ नकोच. हे थकलेलं देणं आहे.

पेठकर काका

हे वाचून मी माझं मत मागे घेतो. मग ‘पूर्वतयारी निधी’ करा की. आपण ज्याची पूर्वतयारी करतो ते काम आपलंच असतं, लग्नाची, वारीची, पेरणीची. कुणी त्यात आपल्याला अडाणी ठरवत नाही. ‘सज्जता’ पण आहे पण तो मला लष्करी वाटतो.

विनिपेगकर

पूर्वतयारीला माझं मत. फक्त ‘सेवा चालवण्यासाठी’ असं लिहू नका ताई. चालवायला तर बालकल्याणाच्या एजन्सी पण देतात. मी मॅनिटोबा प्रांतात राहतो, इथे त्यांच्या स्वतःच्या एजन्सी कित्येक वर्षं आहेत, पण नियम प्रांताचे, म्हणजे स्टिअरिंग आपलं आणि रस्ता दुसऱ्याने ठरवायचा. नवीन कायद्यात कायदा करायचा हक्कच त्यांचा. आणि सरकारशी वर्षभर मनापासून प्रयत्न करूनही करार झाला नाही तरी त्यांच्या कायद्याला केंद्राच्या कायद्याचं बळ मिळतं. क्वेबेक प्रांताने या कायद्याला आव्हान दिलं होतं, ९ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सगळा कायदा वैध ठरवला. यासाठी ‘अधिकारक्षेत्र’ बरोबर आहे पण पोलीस स्टेशनची हद्द वाटते. जुना ‘अखत्यार’ बघा. ‘हे माझ्या अखत्यारीत येत नाही’ आपण रोज म्हणतो, म्हणजे ठरवायचा हक्क कुणाचा हेच त्यात येतं.

धागाकर्ती

अखत्यार!! हाच. इतके दिवस जिभेवर होता आणि आठवत नव्हता.

नवीन सभासद

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांगा. लेखात ‘आदिवासी’ लिहिणार की ‘मूलनिवासी’? पेपरात दोन्ही येतात.

गडचिरोलीचा मास्तर

माझ्या मते दोन्ही जपून. आदिवासी म्हटलं की वाचकाला आपले गोंड, वारली, भिल्ल दिसतात, आणि मूलनिवासी शब्दाला आपल्याकडच्या चळवळीचा स्वतःचा अर्थ आहे, तो कॅनडाला चिकटवू नये. एकदा ‘कॅनडातले आदिम समाज’ असं कुणीतरी छापलेलं पाहिलं, ते तर अजिबात नको, आदिम म्हणजे मागासलेले असं वाचलं जातं. तिघांची नावं लिहा आणि जिथे एकत्र म्हणायचं तिथे ‘तिथले मूळचे समाज’. साधं आहे, खोटं काही नाही त्यात.

धागाकर्ती

नवीन ताई, अजिबात चुकलं नाही, मास्तर म्हणतात तसंच करते. ‘समाजां’ हे अनेकवचन पण ठेवणार, कारण प्रत्येकाचा कायदा वेगळा, भाषा वेगळी.

अजून एक अडचण आहे, ‘फॅमिली’. मी ‘कुटुंब’ लिहिलंय, पण आपलं कुटुंब आता नवरा बायको मुलं एवढंच झालंय, आणि जुनी माणसं तर ‘आमचं कुटुंब’ म्हणजे बायको म्हणायची. या कायद्यात मुलाला कुठे ठेवायचं याचा क्रम आहे, आधी आई किंवा वडील, मग नात्यातलं मोठं माणूस, मग त्याच समाजातलं, मग दुसऱ्या मूळच्या समाजातलं, आणि सगळ्यात शेवटी इतर कुणी. क्री भाषेत याच्या मुळाशी एक शब्द आहे, ‘वाकोतोविन’, सगळ्यांचं एकमेकांशी असलेलं नातं, नुसतं रक्ताचं नाही. त्याला मराठीत काय?

विनिपेगकर

नातेसंबंध? कोरडं वाटतं.

पेठकर काका

गोतावळा. आमच्या आजीच्या तोंडी असायचा. त्यात चुलत मावस सगळे, शेजारची काकू पण. ओवाळायला कोण कोण आलं असं विचारलं की ती म्हणायची सगळा गोतावळा. पोर कुणाकडेही जेवायचं, कुणाकडेही झोपायचं, कुणी विचारायचं नाही.

धागाकर्ती

काका, डोळ्यात पाणी आलं. क्रीमधला शब्द माणसांच्याही पलीकडे जातो, जमीन, जनावरं, सगळ्यांपर्यंत, त्यामुळे तंतोतंत नाही, तसं लेखात सांगेनच. पण मराठी वाचक घरापर्यंत पोचायला गोतावळाच हवा.

आता वाक्य असं केलंय: "आपल्या मुलांचं संगोपन आणि आपल्या गोतावळ्याचा आधार हे काम पुन्हा स्वतःच्या अखत्यारीत घेण्यासाठी कॅनडातल्या मूळच्या समाजांना पूर्वतयारीचा निधी दिला जातो." ‘पुन्हा’ मुद्दाम घातलंय.

सासूबाईंना परत वाचून दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा म्हणजे? मग मधली इतकी वर्षं कुणाच्या अखत्यारीत होती ती पोरं?" पुढचा परिच्छेद तिथूनच सुरू करतेय.