तोंडी हुशार, लिहिताना अडतो: हात की नियोजन?

शाईपेन: मुलगा ९ वर्षांचा. बुद्ध्यंक चाचणीत भाषिक गुण फार वर, प्रक्रियेचा वेग (साधी कामं किती पटकन उरकतो) मात्र जेमतेम. तोंडी उत्तर पानभर, लेखी दोन ओळी. दप्तरही रोज अर्धवट. शाळा म्हणते, आळशी आहे. सुरुवात कुठून करावी?

ओटी_सातारा: आळस नव्हे. एवढी तफावत असेल तर एकूण बुद्ध्यंक फसवा असतो, घटकगुण (भाषा, वेग असे वेगवेगळे गुण) मागून घ्या. मग घरी हे बघा: छापील उतारा ५ मिनिटं उतरवायला द्या, नंतर ५ मिनिटं स्वतःच्या मनचं लिहायला सांगा. दोन्ही संथ, तर हाताचा प्रश्न. नक्कल बरी आणि स्वतःचं कोलमडतं, तर नियोजन आणि कार्यस्मृतीचा (मुद्दे डोक्यात धरून काम करण्याचा). बरेचदा दोन्ही असतं.

हातासाठी एमएबीसी-२ ही मुलांच्या हालचालींची चाचणी होते. ५व्या शतमकात (त्याच वयाच्या शंभर मुलांत तळाच्या पाचांत) किंवा खाली म्हणजे लक्षणीय अडचण, १६व्यापर्यंत धोका. पाय टेकतील अशी खुर्ची आणि वही ठेवायला उतरता फळा आधी आणा. नुसती शुद्धलेखनाची पानं गिरवून घेऊ नका. बोटं दुखतात आणि चुकीची पकडच पक्की होते.

चौकट: दप्तराला ‘नीट भर’ ही सूचना निरुपयोगी. दारावर चार चित्रं: डबा, बाटली, वह्या, कंपास. भरायचं रात्रीच. निबंधाआधी मुद्दे तोंडी सांगू द्या, तुम्ही चार शब्द टिपा, मग त्याने लिहावं.

ओटी_सातारा: ‘चौकट’शी सहमत, +१. टंकलेखनही आत्ताच सुरू करा, रोज १० मिनिटं. आणि परीक्षेत जादा वेळ हवा असेल तर अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, आणि तिच्या व्याख्येत लेखन-अक्षमता (डिस्ग्राफिया) आणि हालचालींतला असमन्वय (डिस्प्रॅक्सिया) दोन्ही येतात.