रोजच्या जगण्यातले ग्रीक: प्रदर्शनात काय लावावं, काय गाळावं?

फलकवाला
नमस्कार मंडळी. मराठी भाषा गौरव दिनाला, २७ फेब्रुवारीला, पुण्यात एका वाचनालयात छोटं प्रदर्शन लावायचं आहे. विषय: प्राचीन ग्रीकांचं आपल्या रोजच्या जगण्यात काय उरलंय. दहा फलक, प्रत्येकावर साठ-सत्तर शब्द. लोकशाही आणि सॉक्रेटिस सगळ्यांना पाठ आहेत. पुणेकराच्या बोलण्यात, पंचांगात, जवळपासच्या डोंगरात सापडेल असं काही हवंय. 'पितृ म्हणजे पातेर, अष्ट म्हणजे ओक्तो' अशा याद्या खूप फिरतात. त्या घ्याव्यात का?

व्युत्पत्ती
त्या याद्या अजिबात घेऊ नका. पितृ आणि पातेर ही एकाच आजीची नातवंडं आहेत, कोणी कोणाकडून घेतलेली नाहीत. तुम्हाला हवेत उसने आलेले शब्द. त्यांची ओळख अशी: संस्कृतात त्यांना पटण्याजोगा धातू सापडत नाही, ते एखाद्या विद्येबरोबर किंवा व्यापाराबरोबर एकदम दिसू लागतात, आणि ग्रीकमध्ये मात्र त्यांना साधा घरगुती अर्थ असतो.

'केंद्र' बघा. ग्रीक केन्त्रॉन म्हणजे टोचणी, बैल हाकायची पराणी. त्यावरून कंपासचं रोवलेलं टोक, आणि त्यावरून वर्तुळाचा मध्य. आपल्याकडे शब्द ज्योतिषाबरोबर आला आणि आता मतदान केंद्रापासून आरोग्य केंद्रापर्यंत पसरलाय. पहिला फलक हाच करा, पराणीचं चित्र काढून.

'सुरुंग' हा सिरिंक्स, म्हणजे पावा, पोकळ नळी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो भुयार या अर्थानं येतो. दारू ठासायचा अर्थ फार नंतरचा. 'दाम' हा द्राख्मे या नाण्याचा वंशज, मधली पायरी 'द्रम्म'. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथात नाण्यांचं, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क असं कोष्टक आहे. 'दाम करी काम' म्हणताना आपण नकळत अथेन्सचं नाणं वाजवतो. 'अफू' अरबीतून आली, पण अरबी अफ्यूनच्या मागे ओपियॉन, म्हणजे खसखशीच्या बोंडाचा चीक.

दोन ठिकाणी सांभाळा. आकाशकंदिलातला 'कंदील' मूळ लॅटिन कान्देला. ग्रीक आणि अरबी ही त्याची वाट, उगम नव्हे. आणि 'यवनिका', म्हणजे रंगमंचावरचा पडदा, या शब्दात 'यवन' (मुळात ग्रीक) दिसतो म्हणून आपलं नाटक ग्रीकांकडून आलं असं लिहू नका. त्या शब्दाचं 'जवनिका' असंही रूप मिळतं, आणि ग्रीक रंगभूमीवर तसा पडदाच नव्हता.

होराशास्त्री
वरच्या यादीत सर्वांत मोठी गोष्ट राहिली: वारांचा क्रम. रविवारानंतर सोमवारच का? प्राचीनांनी मानलेले सात ग्रह पृथ्वीपासून दूरच्यापासून जवळच्यापर्यंत मांडा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या चोवीस होरा, म्हणजे तास, या क्रमानं एकेका ग्रहाला वाटा. पहिल्या होऱ्याचा धनी तोच वाराचा धनी. शनिवारी पहिली होरा शनीची, म्हणून आठवी, पंधरावी आणि बाविसावीही शनीची. तेविसावी गुरूची, चोविसावी मंगळाची. दुसऱ्या दिवशीची पहिली रवीला जाते, म्हणून रविवार. तिथून पुन्हा मोजा, सोमवार येतो. सूर्यसिद्धांत हा जुना ज्योतिषग्रंथ हेच 'शनीपासून चौथा' असं सांगतो. मोजताना शनी धरूनच मोजायचा, नाहीतर शनीनंतर शुक्र येतो आणि सगळं बिघडतं.

ही मांडणी ग्रीक भाषिक ज्योतिषांची, आणि 'होरा' हा शब्दही त्यांचाच. आपल्याकडे कोरीव लेखात वार दिसायला वेळ लागला: मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभावर, गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळात, इ. स. ४८४, गुरुवार.

फलकावर सात ग्रह गोलात मांडा आणि शेजारी पंचांगातलं होराकोष्टक लावा. लोक बोट ठेवून स्वतः मोजतील. लग्नमुहूर्तात बघतात तो जामित्रदोषही घ्या: जामित्र म्हणजे दियामेत्रॉन, व्यास. कुंडलीत समोरासमोरचं, म्हणजे सातवं स्थान. पत्रिका जुळवणाऱ्या घरांत हा फलक सर्वांत जास्त बोलला जाईल.

लेणीवाट
डोंगरासाठी कार्ल्याचा चैत्य, म्हणजे बौद्ध लेण्यातलं प्रार्थनागृह. पुणे-लोणावळा लोकलनं मळवली. आत एकूण ३७ खांब आहेत, त्यांतल्या काहींवर 'धेनुकाकटा यवनस', म्हणजे 'धेनुकाकट गावच्या यवनाचा', अशी सुरुवात असलेले दानलेख आहेत. एक खांब सिहधय नावाच्या यवनाचा. लेखांच्या ब्राह्मी लिपीतला 'न' म्हणजे आडव्या रेघेवर उभा दांडा. तो आधी शोधा, मग त्याच्या अलीकडे 'व', गोलसर खालचा भाग आणि वर दांडा.

फोटोत अक्षरं उठत नाहीत याचं कारण बहुतेक वेळा समोरून मारलेला फ्लॅश: कोरीव खाचेत सावलीच उरत नाही. उजेड खांबाच्या बाजूनं, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर पडायला हवा. खडू किंवा पीठ चोळून अक्षरं उठवायची जुनी खोड कृपा करून करू नका. दगडाची हानी होते आणि हे संरक्षित स्मारक आहे.

मजकूर लिहिताना 'ग्रीकांनी कार्लं कोरलं' असं मुळीच नको. दाते यवन म्हणवतात, पण नावं इथली आहेत: सिहधय म्हणजे सिंहध्वज. ते इथलेच झालेले ग्रीक वंशज, की पश्चिमेकडचे इतर व्यापारी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. धेनुकाकट कुठलं यावरही. 'स्वतःला यवन म्हणवणाऱ्यांनी बौद्ध संघाला खांब दिला' एवढं पक्कं आहे, आणि माझ्या मते तेच जास्त सुंदर आहे. जुन्नरच्या लेण्यांतही असे तीन यवन आहेत: इरिलानं पाण्याची दोन टाकी दिली, चितानं भोजनमंडप, चंदानं तिथल्या मानमोडी डोंगरातल्या चैत्याचं दर्शनी काम.

धावपट्टी
ऑलिंपिकवर फलक हवाच असेल तर डेक्कनवरून सुरुवात करा. 'जिमखाना' म्हणजे गेंदखाना. त्यातलं 'जिम' जिम्नॅस्टिक्सच्या ओढीनं आलं, आणि गिम्नॉस म्हणजे उघडा, कारण ग्रीक खेळाडू विवस्त्र सराव करत. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्यामागे डेक्कन जिमखाना आणि दोराबजी टाटा होते. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले.

पण मॅरेथॉन प्राचीन ऑलिंपिकमध्ये नव्हती. ती १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकसाठी मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञानं सुचवली, ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडनचं. मशाल दौड १९३६ च्या बर्लिनची. 'प्राचीन ग्रीक परंपरा' म्हणून यातलं काहीच लावू नका.

फलकवाला
मनापासून आभार, निम्मे फलक तयारच झाले. एक शंका: 'होरा' अहोरात्रवरून आला, असं कोणी म्हणालं तर?

होराशास्त्री
म्हणतीलच, आणि ते मत जुनं आहे. 'अ' आणि 'त्र' गाळून होरा, असं काहींचं मत वराहमिहिर या प्राचीन ज्योतिषानंच आपल्या बृहज्जातक या ग्रंथात नोंदवलंय. पण त्याच ग्रंथात राशींची नावं वाचा: मेषाला क्रिय, वृषभाला तावुरि, मिथुनाला जितुम, धनूला तौक्षिक. ग्रीकमध्ये क्रिऑस, तावरॉस, दिदिमॉय, तॉक्सोतेस. फलकाखाली या चार जोड्या छापा. शिवाय बृहत्संहितेत तो सांगतो की यवनांमध्ये हे शास्त्र नीट रुजलेलं आहे आणि त्यांचाही ऋषींसारखा मान होतो. शंका विचारणाऱ्याला ती ओळ दाखवा, मोठ्या अक्षरांत.