मंडालेची पेन्सिल आणि बराकीतला कच्चा कैदी

माळरान (धागाकर्ता)
टिळक १९०८ साली मंडालेला गेले तेव्हा बावन्न वर्षांचे होते, त्यात मधुमेह. १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी तिथे ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. शिसपेन्सिलीने, पानं मोजून दिलेल्या बांधीव वह्यांत. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई वारल्या, ती बातमीही तिथेच कळली. सुटल्यावर सरकार वह्या लवकर परत देईना, तेव्हा ते म्हणाले की ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, सिंहगडावर बसून पुन्हा लिहीन. माझं मत सरळ आहे: तुरुंगाने आपलं काय काय घ्यायचं, हे शेवटी आत गेलेला माणूसच ठरवतो.

कडुनिंब
अजिबात पटत नाही. टिळकांची काळ्या पाण्याची शिक्षा साध्या कैदेत बदलली होती. स्वतंत्र खोली, स्वयंपाकाला एक कैदी, पुण्याहून येणारे ग्रंथ. त्यांचं मोठेपण मला मान्यच आहे. पण आज आपल्या तुरुंगांत चारातले जवळपास तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा शाबित व्हायचाय. खच्चून भरलेल्या बराकीत कूस बदलायची तर शेजारचा जागा होतो. मुलाखतीला कुणी येत नाही. त्याला ‘मन खंबीर ठेव’ सांगणं मला क्रूर वाटतं.

पाणपोई
मग अंदमानचं काय? तिथे कोलूला जुंपून दिवसाला ३० पौंड तेल काढून घेत. कागद नाही, पेन्सिल नाही. सावरकरांनी ओळी भिंतीवर कोरल्या आणि पाठ केल्या. यात सवलत कुठे आहे?

कडुनिंब
कविता ते आत जाताना सोबत घेऊन गेले होते. ज्याला शाळाच मिळाली नाही, त्याने काय न्यायचं? आणि क्रांतिकारक जतीन दास आठवा. १९२९, लाहोर, ६३ दिवसांचं उपोषण, त्यात प्राण गेला. मागण्या काय होत्या? बरं अन्न, पुस्तकं, वर्तमानपत्रं. ज्यांच्या निर्धाराबद्दल कुणाला शंका नाही, तीच माणसं या साध्या गोष्टींसाठी जिवावर उदार झाली. नुसत्या मनोबलावर भागतं असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

माळरान
उपोषणाला बसण्याची ताकद तरी कुठून आली? ती काही तुरुंगाने दिली नव्हती.

ओसरी
दोघांचं वाचून राहवलं नाही. माझे काका आणीबाणीत मिसाबंदी होते, म्हणजे ‘मिसा’ कायद्याखाली खटल्याविना आत, एकोणीस महिने. शाळामास्तर. आत ते रोज पहाटे पावकी, निमकी, पाऊणकी मनात म्हणायचे. सांगायचे, एक दिवस चुकलो असतो तर मी मास्तर उरलो नसतो. पाढे कुणी दिले नव्हते, कुणाला काढूनही घेता आले नाहीत. पण घरी आल्यावर संध्याकाळी बराकी बंद व्हायच्या वेळेला ते अंगणातून उठून मुकाट्याने आत येत. कुणी हाक मारलेली नसे. गप्पा अर्ध्यावर टाकून येत. आम्हा मुलांना ते काही केल्या समजायचं नाही.

माळरान
हे वाचून थांबलो. पाढे माझ्या बाजूचे म्हणावे, तर ते अंगणातून उठणं कुठे ठेवू?

कडुनिंब
किती दिवस चाललं ते?

ओसरी
सात-आठ वर्षं. मग काकूने अंगणात दिवा लावून घेतला आणि त्या वेळेला ती स्वतः त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून बसू लागली. तेव्हा हळूहळू बसायला लागले.