मदत हवी आहे: डर्बनहून ईस्ट लंडनकडे निघण्याची वेळ कशी ठरवावी?

नमस्कार.

मी आणि माझे पती ३८ फुटी शिडाच्या बोटीने हिंदी महासागर ओलांडून, मॉरिशस व रियुनियन करत दक्षिण आफ्रिकेत आलो असून सध्या डर्बनच्या मरीनात थांबलो आहोत. येथून ईस्ट लंडन, पोर्ट एलिझाबेथ, मॉसेल बे अशी बंदरे घेत केपटाऊन गाठायचे आहे. डिसेंबर चालू आहे, मागच्या पाण्यात चक्रीवादळांचा हंगाम लागला आहे, म्हणजे परत फिरण्याचा प्रश्नच नाही; आणि पुढे जायला वारा सवड देत नाही. या किनाऱ्याने शिडाच्या बोटीवर किंवा व्यापारी जहाजावर गेलेले कोणी येथे असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

अडचण पहिल्याच टप्प्याची आहे. डर्बन ते ईस्ट लंडन हे अंतर सुमारे २५० सागरी मैल असून मध्ये आमच्यासारख्या बोटीला भरवशाने शिरता येईल असे एकही बंदर नाही. किनाऱ्यालगत नैऋत्येकडे अगुल्हास प्रवाह वाहतो आणि जोरात असला की त्याचा वेग चार-पाच नॉटपर्यंत (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जातो. ईशान्येचा वारा असेल तर दोन्ही पाठीशी, आणि बोट सुरेख पळते. परंतु दर काही दिवसांनी वारा उलटून नैऋत्येचा होतो आणि समोरून येणाऱ्या प्रवाहावर आदळतो, तेव्हा लाटा नुसत्या उंच होत नाहीत, त्या एकमेकींच्या जवळ येऊन उभ्या होतात. समुद्रबूड जमिनीच्या (किनाऱ्यापुढे पाण्याखाली असलेल्या उथळ पट्ट्याच्या) कडेपासून बाहेरच्या पट्ट्यात अशा असाधारण लाटा उठतात आणि त्यांच्या पुढे खोल खळगा असतो, अशी सूचना नकाशावरच छापलेली आहे. १९०९ साली डर्बनहून केपटाऊनला निघालेले ‘वाराता’ हे जहाज २११ माणसांसह याच पाण्यात नाहीसे झाले. ती हकीकत येथील धक्क्यावर नव्या माणसाला आवर्जून ऐकवली जाते, आणि सांगणाऱ्याला त्यात जरा जास्तच रस असतो, असे माझे मत आहे.

वारा उलटतो कसा, हे बंदरात बसून पाहायला मिळाले. परवा सकाळपासून ईशान्येचा वारा भरभरून वाहत होता आणि बॅरोमीटर सारखा उतरत होता. दुपारी वारा एकदम पडला, निशाणे खाली लोंबली, नैऋत्येला क्षितिजालगत ढगांची एक लांब वळकटी दिसू लागली, आणि हातातला चहा संपायच्या आत सगळ्या डोलकाठ्यांवरचे दोर एकाच वेळी वाजायला लागले. बॅरोमीटरचा काटा तेव्हापासून चढतो आहे.

आता आम्हा दोघांमधला मतभेद सांगते. पतींचे म्हणणे असे की, नैऋत्येचा जोर ओसरला आणि बॅरोमीटर चढायचा थांबला की लगेच निघावे, म्हणजे पुढचा ईशान्येचा वारा पूर्ण पदरात पडेल. मला वाटते की वारा ओसरला तरी त्याने उठवलेली लाट लगेच बसत नाही. तेव्हा ईशान्येचा वारा नीट धरेपर्यंत, म्हणजे आणखी दहा-बारा तास, थांबणे बरे. पण तसे केले तर मुळातच दीड-दोन दिवसांची असलेली सवड तेवढ्याने कमी होते. आमची बोट पाण्यातून साडेपाच नॉटने चालते. प्रवाह मुळीच मिळाला नाही तर २५० मैलांना ४५ तास लागतील. सरासरी तीन नॉटचा मिळाला तर ३० तास पुरतील. हिशेब यांपैकी कोणत्या आकड्यावर करावा? शिवाय अमेरिकी आणि युरोपीय या दोन हवामान अंदाजांत वारा उलटण्याच्या वेळेबाबत अर्ध्या दिवसाचा फरक दिसतो, तो कसा धरावा?

आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत विषय मिटतो. येथे रोज सकाळी नव्याने ठरवावे लागते, आणि त्याचाच शीण अधिक आहे. शेजारच्या दोन बोटी काल निघण्याच्या तयारीत होत्या, म्हणून आपणही निघावे, हा युक्तिवाद मात्र मला मान्य नाही.

प्रतिसाद

नमस्कार ताई. मी व्यापारी जहाजांवर या किनाऱ्याने बरीच वर्षे ये-जा केली आहे आणि मित्राच्या शिडाच्या बोटीवरही हा टप्पा केला आहे.

निघण्याच्या वेळेबाबत तुमच्या पतींचे म्हणणे बरोबर आहे, मात्र तुमची शंका बाजूला टाकण्यासारखी नाही. बॅरोमीटर चढून स्थिरावला आणि नैऋत्येचा वारा दहा-बारा नॉटपर्यंत उतरला की निघावे. पण निघाल्या निघाल्या प्रवाहात शिरू नये. पहिले काही तास २०० मीटर खोलीच्या रेषेच्या आत, किनाऱ्याच्या बाजूने, गरज पडल्यास इंजिनावर चालावे. तेथे प्रवाह कमजोर असतो, म्हणून तीच लाट तेथे निमूट वाटते. ईशान्येचा वारा धरला आणि लाट बसली की बाहेर सरकून प्रवाह घ्यावा. म्हणजे तुमचे दहा-बारा तास बंदरात न जाता वाटेत जातील. एक सावधगिरी: ईशान्येकडे जाणारी मोठी जहाजे प्रवाह टाळण्यासाठी याच आतल्या पट्ट्याने येतात, त्यामुळे रात्री एआयएसवर (आसपासची जहाजे दाखवणाऱ्या यंत्रणेवर) सतत लक्ष हवे.

हिशेब ४५ तासांवरच करा. प्रवाह रोज एकाच जागी नसतो. कधीकधी ‘नाताळ पल्स’ नावाचे मोठे वळण किनाऱ्याने खाली सरकत येते आणि मुख्य प्रवाहाला दूर समुद्रात ढकलते. अशा वेळी ज्याने ३० तास धरले तो फसतो. दोन अंदाजांपैकी जो नैऋत्येचा वारा लवकर दाखवतो तोच खरा मानावा, आणि त्यातूनही सहा तास वजा करावेत. किनाऱ्याला चिकटून सरकणारे लहान कमी दाबाचे क्षेत्र या अंदाजांच्या ढोबळ जाळ्यात नीट सापडत नाही, म्हणून वेळ चुकते.

परत फिरण्याचा विचार वाटेतल्या पोर्ट एडवर्ड गावाच्या अलीकडेच करून ठेवा. तेथून पुढे समुद्रबूड जमीन अरुंद होते, प्रवाह किनाऱ्याजवळ येतो, आणि त्याच्या उलट दिशेने डर्बन गाठणे साडेपाच नॉटच्या बोटीला जवळपास अशक्य आहे. त्यानंतर बॅरोमीटर अनपेक्षितपणे उतरू लागला तर वारा उलटायची वाट न पाहता आधीच २०० मीटरच्या आत या.

मूळ धागाकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. पहिले काही तास आतून जाण्याची कल्पना आम्हा दोघांनाही पटली. आणखी एकच विचारते. ईस्ट लंडनसमोर पोहोचेपर्यंत ईशान्येचा वारा टिकून असेल तर आत शिरावे, की तसेच पुढे पोर्ट एलिझाबेथला जावे? ते तेथून १३० मैलांच्या आसपास आहे, आणि एकदा आत गेलो की पुन्हा हेच थांबणे सुरू होईल, अशी धास्ती वाटते.

प्रतिसाद

तो निर्णय बंदराच्या तोंडाशी घेऊ नका, सहा तास आधी ताजा अंदाज उतरवून घ्या. पुढच्या १३० मैलांसाठी प्रवाह न धरता २४ तास लागतात. अंदाजात ३० तास निर्वेध दिसत असतील आणि तुम्ही दोघेही आळीपाळीने झोपलेले असाल तर पुढे जा. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल तर आत शिरा. ईस्ट लंडनचे बंदर बफेलो नदीच्या मुखात आहे, नदीत वर सरकले की लाट लागत नाही. शिरण्याआधी व्हीएचएफ रेडिओवर बंदर नियंत्रण कक्षाची परवानगी घ्यावी लागते. आणि डर्बन सोडण्याचे कागद आदल्या दिवशीच तयार ठेवा. बॅरोमीटर थांबल्यावर कचेऱ्यांत फिरायला वेळ मिळत नाही.