बेब रूथ की हँक एरन, सगळ्यात मोठा होमरनवाला कोण?

रानवारा (धागाकर्ता):
बेसबॉलचा विषय निघाला की पहिलं नाव बेब रूथचं, हे मला दरवेळी खटकतं. रूथचे ७१४ होमरन (बॉल थेट कुंपणापार, आपल्या षटकारासारखा) मान्य, पण माझ्या मते थोर म्हणावं तर हँक एरनला. तेवीस सीझन, ७५५ होमरन, आणि एका सीझनला ४७ च्या वर कधीच नाही, म्हणजे एखाद्या वर्षी धुमाकूळ घालून मग गायब असला प्रकारच नाही. सगळे होमरन वजा केले तरी ३०१६ हिट्स (बॉल मारून बेस गाठलेले फटके) उरतात! आणि १९७३ चा सीझन संपला तेव्हा हा ७१३ वर होता, मग अख्खा हिवाळा पत्रांचा पाऊस, त्यात काळ्या माणसाने रूथचा रेकॉर्ड मोडला तर जिवंत ठेवणार नाही अशा धमक्या, बॉडीगार्ड घेऊन फिरावं लागायचं. ८ एप्रिल १९७४ ला अटलांटात अल डाउनिंगच्या बॉलवर ७१५ वा मारला तेव्हा दोन पोरं मैदानात घुसून त्याच्या बाजूने पळत पाठ थोपटत होती आणि होम प्लेटपाशी (बॅटर उभा राहतो ती जागा) त्याच्या आईने मारलेली मिठी सुटता सुटत नव्हती. एवढं दडपण डोक्यावर घेऊन रूथ कधी खेळलाय का?

कोपऱ्यातला_नाना:
एरनबद्दल आदर आहेच, पण धाग्याशी असहमत. धमक्या सोसल्या म्हणून माणूस मोठा ठरतो, हिटर नाही. १९२० ला रूथने ५४ मारले, लीगमध्ये दुसरा नंबर जॉर्ज सिसलर, त्याचे किती तर १९! लीगमधल्या इतर एकाही अख्ख्या टीमचे मिळून ५४ झाले नव्हते. होमरन हे शस्त्र म्हणून वापरता येतं हेच त्याने दाखवलं, त्याआधी बॉल जमिनीलगत मारून पळायचा खेळ होता. शिवाय ॲट बॅट (बॅटिंगला उभं राहण्याच्या खेपा) बघा, रूथ ८३९९, एरन १२३६४. म्हणजे रूथचा होमरन साधारण १२ मागे एक, एरनचा १६ मागे एक. आणि रूथ मुळात पिचर (बॉलरसारखा), तोही अव्वल, ९४ मॅचेस जिंकल्यात! बॉल्टिमोरच्या सेंट मेरीज सुधारगृहात सातव्या वर्षी टाकलेलं पोर आहे हे, त्यालाही कुणी काही ताटात वाढून दिलेलं नाही.

सुमी_देशावरची:
नाना, आकडे बरोबर आहेत पण कुणाविरुद्ध ते बघा ना. रूथच्या अख्ख्या करिअरमध्ये मेजर लीगला (अमेरिकेतली सर्वोच्च स्पर्धा) एकही काळा पिचर नव्हता, दार उघडलं ते १९४७ ला, जॅकी रॉबिन्सनसाठी. सॅचेल पेजसारखा पिचर बाहेर, जॉश गिब्सनसारखा हिटर बाहेर, आणि गिब्सन तर त्याच वर्षी जानेवारीत गेला, पस्तिशीत. २०२४ ला निग्रो लीगचे (काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या स्पर्धांचे) आकडे अधिकृत धरले तेव्हा स्लगिंगमध्ये (दर ॲट बॅटमागे सरासरी किती बेस) गिब्सन रूथच्या वर गेला. त्यात रूथच्या घरच्या यांकी स्टेडियमचं उजव्या बाजूचं कुंपण ३०० फुटांच्या आत, त्याच्यासारख्या डावखुऱ्याला सोपंच की.

कोपऱ्यातला_नाना:
उजव्या बाजूचं तुणतुणं नेहमीचंच. १९२७ च्या ६० होमरनपैकी ३२ बाहेरच्या मैदानांवर आहेत! आणि सोप्या मैदानाचंच म्हणाल तर अटलांटाच्या स्टेडियमला लोक लाँचिंग पॅड म्हणायचे, इतके होमरन तिथून उडायचे, तिथे एरनने नऊ सीझन काढले. भेदभावाचा नियम रूथने केला नव्हता, सीझन संपल्यावर तो काळ्या खेळाडूंच्या टीमशी मॅचेस खेळायचा.

वाटाड्या:
बॅरी बाँड्सचे ७६२ आहेत, त्याचं नावच नाही?

सुमी_देशावरची:
स्टेरॉइडच्या आरोपामुळे दहा वर्षं मतदान होऊनही ज्याला हॉल ऑफ फेममध्ये (थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत) घेतलं नाही, त्याला मी तरी या दोघांच्या रांगेत बसवणार नाही.

रानवारा:
नाना, अटलांटाला येण्याआधी एरनचे मिलवॉकीत ३९८ झाले होते, निम्म्याहून जास्त. अटलांटातही एकोणचाळिसाव्या वर्षी ३९२ ॲट बॅटमध्ये ४० होमरन, म्हणजे दहा मागे एक, हा वेग तुमच्या रूथच्या सरासरीच्याही पुढचा आहे आणि ते सगळं त्या धमक्यांच्या वर्षात! रूथने खेळ बदलला हे कबूल, पण टोटल बेसेस (सगळ्या हिट्सवर मिळून गाठलेले बेस) बघा, एरन ६८५६, दुसरा अल्बर्ट पुहोल्स सहाशेहून जास्तने मागे. बाँड्सने होमरनचा आकडा नेला, हा आकडा त्यालाही जमला नाही, सहा हजारसुद्धा झाले नाहीत त्याचे.